सूक्ष्मजंतूंचे रासायनिक पहारेकरी

मुलाचा गुडघा फुटला किंवा कोणाचे बोट कापले, की पूर्वी पुष्कळ घरांतून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली कपाटाबाहेर निघत असे. पाण्यासारखा दिसणारा तो द्रव जखमेवर ओतताच पांढराशुभ्र फेस उसळे, मूल कळवळे, आणि घरातील वडील माणूस समाधानाने म्हणे, की जंतू मेले. फेस आला म्हणजे औषध लागू पडले, अशी सर्वसाधारण समजूत होती. वस्तुस्थिती मात्र थोडी निराळी आहे. तो फेस म्हणजे प्राणवायूचे बुडबुडे होत. ते निर्माण करणारे कॅटॅलेझ नावाचे एंझाइम माणसाच्या रक्तात असते, तसेच कित्येक सूक्ष्मजंतूंच्या शरीरातही असते. पेरॉक्साइड हे विष. कॅटॅलेझ त्या विषाचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. म्हणजे ज्या फेसाला औषधाच्या विजयाचे चिन्ह मानले जाई, तो वस्तुतः औषधाचाच नाश होत असल्याची खूण होय. हे औषध जंतूंबरोबर भरून येणाऱ्या मांसालाही इजा करते, म्हणून डॉक्टर आता त्याचा पूर्वीसारखा सरसकट वापर करीत नाहीत.

या साध्या अनुभवातून एक मार्मिक प्रश्न उद्भवतो. पेरॉक्साइडशी गाठ पडण्यापूर्वी जंतूच्या शरीरात कॅटॅलेझचा साठा बेताचाच असतो. संकट जाणवले, की तो भराभर वाढविला जातो. निष्कारण शस्त्रे घडवीत बसणे जंतूला परवडणारे नाही. त्याचे अन्न थोडे, आणि जागा त्याहून थोडी. माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू घेतला, तर त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन सहस्रांशांएवढीच भरते. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, मज्जातंतू नाहीत. मेंदू तर नाहीच नाही. तरीही आपल्या पेशीतील रासायनिक हवामान पालटल्याचे त्याला तत्काळ समजते, आणि त्या पालटास अनुरूप अशी जनुके तो जागी करतो. हे त्याला सांगते कोण? गेल्या चार दशकांतील संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दिले आहे. हे काम करणारी काही विशिष्ट प्रथिने पेशीत सतत पहाऱ्यावर असतात. त्यांचे कार्य कसे चालते, आणि माणसाच्या आरोग्याशी त्याचा संबंध कोठे येतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च

लोखंडाला गंज चढतो, कापून ठेवलेले वांगे काळे पडते, जुने तेल खवट होते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच रासायनिक क्रिया आहे. तिला ऑक्सिडीकरण म्हणतात. पदार्थाचा प्राणवायूशी संयोग होणे म्हणजे ऑक्सिडीकरण, अशी त्याची जुनी व्याख्या होती. पुढे रसायनशास्त्रज्ञांच्या असे ध्यानात आले, की या क्रियेचे मर्म प्राणवायूत नसून इलेक्ट्रॉन या अतिसूक्ष्म विद्युत्कणाच्या देवघेवीत आहे. जो पदार्थ इलेक्ट्रॉन गमावतो त्याचे ऑक्सिडीकरण होते. जो इलेक्ट्रॉन मिळवितो त्याचे क्षपण होते. दुकानदाराच्या कीर्दीत एकाच्या नावे पडलेली रक्कम दुसऱ्याच्या जमेस दिसावी, तशा या दोन क्रिया नेहमी जोडीनेच घडतात. एकाने दिल्याखेरीज दुसऱ्याला मिळत नाही.

सजीवांचा सारा प्रपंच या देवघेवीवर चालतो. अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन प्रथम एनएडी नावाच्या वाहक रेणूवर चढविले जातात. भार घेतलेल्या या वाहकाला एनएडीएच असे म्हणतात. हा वाहक आपला भार श्वसनाच्या साखळीत नेऊन उतरवितो, तेथून तो हातोहात पुढे सरकतो आणि अखेरीस प्राणवायूच्या पदरात पडून त्याचे पाणी होते. वाटेत जी ऊर्जा मोकळी होते तीवर पेशी जगते. सुस्थितीतील पेशीच्या अंतर्भागात इलेक्ट्रॉनांची ददात नसते. तेथील प्रथिनांतले गंधकाचे अणू बहुधा हायड्रोजन धारण करून, म्हणजे क्षपित अवस्थेत, असतात. किती वाहक भरलेले आणि किती रिकामे, किती गंधक मोकळा आणि किती बांधलेला, यावरून पेशीची जी एकंदर स्थिती ठरते, तिला ऑक्सिडीकरण-क्षपणाचा समतोल म्हणावयाचे. हा समतोल ढळणे म्हणजे पेशीच्या जिवावरचे संकट होय.

तो ढळतो कशाने? प्राणवायू हा जसा पोशिंदा, तसाच तो वैरीही आहे. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला त्याला सुमारे २४० कोटी वर्षे झाली. त्यापूर्वी निर्माण झालेल्या जीवांच्या दृष्टीने तो एक नवा विषारी वायूच होता. आजही श्वसन चालू असता काही इलेक्ट्रॉन वाट चुकतात आणि भलत्याच ठिकाणी प्राणवायूच्या रेणूवर जाऊन बसतात. एक इलेक्ट्रॉन बसला की सुपरऑक्साइड तयार होतो. दोन बसले की हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड पेशीतील मोकळ्या लोहाशी भिडले, म्हणजे हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत उग्र कण जन्मास येतो. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या संयोगाचे वर्णन इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच केले होते. हायड्रॉक्सिल समोर येईल त्यावर तुटून पडतो. डीएनएचा धागाही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे एंझाइम सजीवांच्या पेशीत असते, हे १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिले, तेव्हापासून या विषयाला खरी चालना मिळाली.

माणसाच्या शरीराने याच विषाचे अस्त्र बनविले आहे. रक्तातील भक्षक पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, आणि ज्या पोकळीत तो कोंडला जातो तीत सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड यांचा मारा करतात. काही थोड्या मुलांमध्ये जन्मतःच हा मारा करणारे एंझाइम सदोष असते. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात खऱ्या, परंतु त्यांतील कित्येकांना मारू शकत नाहीत. त्यामुळे अशा मुलांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. या विषाचे महत्त्व किती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? अर्थात, ज्या जंतूला माणसाच्या शरीरात तग धरावयाची आहे त्याला या विषाची चाहूल वेळीच लागली पाहिजे, हे ओघानेच आले.

गंधकाची कडी

जंतूंना पेरॉक्साइडचा अगदी थोडा डोस आधी दिला, तर पुढे एरवी प्राणघातक ठरणारा मोठा डोसही ते सहन करतात, असे प्रयोगांत दिसून आले होते. १९८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेने साल्मोनेला या जंतूवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पेरॉक्साइडच्या अल्प मात्रेनंतर या जंतूत सुमारे ३० प्रथिनांचे उत्पादन वाढते, आणि त्यांपैकी ९ प्रथिने एकाच जनुकाच्या हुकमतीखाली असतात, असे त्यात आढळले. त्या जनुकाला आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ऑक्सिआर हे नाव मिळाले. पुढे १९९० मध्ये गिझेला स्टॉर्झ, लुई टार्टाग्लिया आणि एम्स यांनी असे दाखविले, की ऑक्सिआर हे प्रथिन स्वतःच ऑक्सिडीकृत होते, आणि तसे झाले म्हणजेच ते जनुकांना जागे करते. निरोप आणणारा कोणी वेगळा आणि हुकूम सोडणारा वेगळा, असा प्रकार येथे नाही. पहारेकरी तोच आणि नगारा वाजविणाराही तोच.

याची रचना पाहिली, म्हणजे निसर्गाच्या काटकसरीचे नवल वाटते. ऑक्सिआर हे ३०५ ॲमिनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन आहे. अशा चार साखळ्या एकत्र येऊन डीएनएला बिलगतात. साखळीत १९९ व्या आणि २०८ व्या स्थानी सिस्टीन नावाचे ॲमिनो आम्ल आहे, आणि सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा एक अणू असतो. एरवी हे दोन गंधक परस्परांपासून चांगलेच दूर असतात. पेरॉक्साइडचा रेणू येऊन १९९ व्या स्थानच्या गंधकावर आघात करतो. त्या गंधकाला प्राणवायूचा अणू चिकटतो. ही अवस्था टिकाऊ नसते. साखळीचा तो भाग वळतो, २०८ वा गंधक जवळ येतो आणि दोन्ही गंधकांची घट्ट कडी लागते. या दोन गंधकांमध्येच कडी पडते हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. आणि कडी लागण्यापूर्वीचे व नंतरचे असे दोन्ही आकार २००१ मध्ये स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रणातून प्रत्यक्ष दिसले. कडी लागताच प्रथिनाचा आकार बदलतो, डीएनएवरील त्याची पकड बदलते, आणि जनुकाची नक्कल काढणारे एंझाइम त्या जागी ओढले जाते. हे सारे घडण्यास फार वेळ लागत नाही. पेरॉक्साइड मिसळल्यापासून अर्ध्या मिनिटात ऑक्सिआरची कडी लागलेली असते.

हा पहारेकरी किती सावध आहे, हे पाहावयाचे तर थोडा हिशेब केला पाहिजे. ई. कोलाय जंतू प्राणवायूत वाढत असता त्याच्या पेशीत दर सेकंदाला पेरॉक्साइडचे हजारो रेणू निर्माण होतात. परंतु सफाईचे काम इतके चोख चालते, की कोणत्याही एका क्षणी पेशीत डझन-दीड डझनच रेणू शिल्लक असतात. ही संख्या साधारण शंभराच्या घरात गेली, की ऑक्सिआर जागा होतो. रोजच्या कुरबुरीला तो दाद देत नाही. खरे संकट आले असता मात्र क्षणाचाही विलंब लावीत नाही.

जागा झाल्यावर तो जी जनुके चालू करतो त्यांची यादीही विचारपूर्वक तयार केल्यासारखी दिसते. कॅटॅलेझ तर आहेच. पेरॉक्साइडच्या अल्प मात्रेची विल्हेवाट लावणारे दुसरे एंझाइमही आहे. डीपीएस नावाचे प्रथिन मोकळे लोह आपल्या पोकळ गोळ्यात कोंडून ठेवते आणि डीएनएला आच्छादून त्याचे रक्षण करते. फर नावाचे प्रथिन बाहेरून लोह आत घेण्यावर नियंत्रण ठेवते. पेरॉक्साइड आणि लोह यांची गाठ पडली तर अनर्थ होतो, हे वर आलेच आहे. म्हणून एका बाजूने विषाचा नाश आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या जोडीदाराला अटकाव, अशी ही दुहेरी योजना आहे.

संकट टळल्यावर काय? नगारा वाजतच राहिला, तर जंतूची शक्ती व्यर्थ खर्ची पडेल. यासाठीही सोय आहे. ऑक्सिआर जी प्रथिने बनवावयास लावतो, त्यांतच ग्लुटारेडॉक्सिन नावाचे एक प्रथिन असते. ते ग्लुटाथायोन या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिआरची कडी उघडते. म्हणजे पहारेकऱ्याने शस्त्रे मागवितानाच स्वतःला पुन्हा शांत करणारी किल्लीही मागवून ठेवलेली असते. काही मिनिटांत विष ओसरते, कडी निघते, आणि प्रथिन पूर्ववत निश्चल होते.

लोहाची कळ

सर्वच पहारेकरी गंधकाच्या कडीवर काम करीत नाहीत. सॉक्सआर या प्रथिनाचे जनुक १९९० मध्ये ब्रूस डेंपल आणि बर्नार्ड वाइस यांच्या प्रयोगशाळांतून स्वतंत्रपणे पुढे आले. याच्या पोटात लोहाचे दोन आणि गंधकाचे दोन अणू मिळून बनलेला एक लहानसा पुंजका असतो. त्या पुंजक्यात एक इलेक्ट्रॉन जास्त असला, तर सॉक्सआर डीएनएवर नुसता बसून राहतो. तो एक इलेक्ट्रॉन गेला, की तो कामास लागतो. येथे प्रथिनाला धावत कोठे जावे लागत नाही. ते आधीपासूनच जागेवर असते. फक्त डीएनएला पीळ देण्याची त्याची तऱ्हा बदलते.

या पिळाला मोठा अर्थ आहे. जनुकाची नक्कल काढणारे एंझाइम डीएनएवरील दोन खुणा ओळखून बसते, आणि त्या खुणांत साधारण १७ पायऱ्यांचे अंतर असावे लागते. सॉक्सआरच्या ताब्यातील जनुकात हे अंतर मुद्दाम वाढविल्यासारखे १९ पायऱ्यांचे आहे. त्यामुळे एरवी एंझाइमला तेथे नीट बसताच येत नाही. सॉक्सआरने डीएनए पिळून तो किंचित आखूड केला, की खुणा जुळतात आणि काम सुरू होते. एका इलेक्ट्रॉनाच्या जाण्याने एवढी कळ फिरते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सॉक्सआर प्रत्यक्षात एकच जनुक चालू करतो. त्यातून सॉक्सएस नावाचे दुसरे प्रथिन तयार होते, आणि ते मग अनेक जनुकांना हाक देते. सुपरऑक्साइडचा नाश करणारे एंझाइम, बिघडलेला डीएनए दुरुस्त करणारे एंझाइम, नको असलेले पदार्थ पेशीबाहेर फेकणारे पंप, असा सगळा सरंजाम त्यातून उभा राहतो. प्रारंभी असे मानले गेले होते, की सॉक्सआर सुपरऑक्साइडलाच ओळखतो. पुढील अभ्यासांत दिसून आले, की पेशीतून इलेक्ट्रॉन ओढून नेणारी काही रंगीत द्रव्ये त्याला थेट जागे करतात. जखमेतील पू कधी कधी निळसर हिरवा दिसतो. तो रंग स्यूडोमोनास या जंतूने सोडलेल्या पायोसायनिनसारख्या द्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्ये शेजारच्या जंतूंना घातक ठरू शकतात. म्हणजे जंतूंची लढाई केवळ माणसाशी नसते. आपापसांतही ती अखंड चालू असते, आणि हे पहारेकरी बहुधा त्या पुरातन लढाईतच तयार झाले असावेत.

सॉक्सआरच्या पंपांची गोष्ट मात्र वैद्यकाच्या दृष्टीने चिंतेची आहे. ते पंप जे पदार्थ बाहेर फेकतात, त्यांत औषधेही येतात. काही रुग्णांच्या शरीरातून मिळविलेल्या जंतूंमध्ये सॉक्सआरचे जनुक असे बदललेले आढळले आहे, की विष नसतानाही ते अहोरात्र जागेच राहते. अशा जंतूंवर क्विनोलोन गटातील जंतुनाशके नीट चालत नाहीत. पहारेकरी बिघडला आणि त्याने विनाकारण दरवाजे बंद केले, तर बाहेरच्या वैद्याचा हातही आत पोचत नाही, असा हा प्रकार आहे.

वाहकांची मोजदाद

तिसऱ्या प्रकारचे पहारेकरी विषाची वाटच पाहत नाहीत; ते थेट इलेक्ट्रॉनांचे वाहक मोजतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध सुटतो, तो बव्हंशी स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या मृत्तिकाजंतूंनी बनविलेल्या द्रव्याचा असतो. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरील पहिले प्रभावी औषधही १९४३ मध्ये याच कुळातून मिळाले. या कुळातील एका जंतूत २००३ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील दिमित्रिस ब्रेकासिस आणि मार्क पॅजेट यांना रेक्स नावाचे प्रथिन सापडले. हे प्रथिन भरलेले वाहक आणि रिकामे वाहक यांचे प्रमाण पाहते. प्राणवायूचा पुरवठा बेताचा झाला, की वाहकांना भार उतरविण्यास जागा मिळत नाही. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग लागावी, तसे भरलेले एनएडीएच साचतात. त्यांतला एखादा रेक्सला येऊन बिलगतो, आणि रेक्स डीएनएवरून निसटतो. तोपर्यंत त्याने दाबून ठेवलेली जनुके मोकळी होतात, आणि अल्प प्राणवायूतही श्वसन चालू ठेवणारी साधने तयार होऊ लागतात.

ई. कोलायमध्ये एफएनआर नावाचे आणखी एक प्रथिन याच जातीचे काम करते. त्याच्या पोटात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू असतात. प्राणवायू नसताना हा पुंजका अखंड राहतो, प्रथिनाची जोडी जमते आणि प्राणवायूविना जगण्याची जनुके चालतात. प्राणवायू आला, की पुंजका मोडतो, जोडी फुटते आणि ते काम थांबते. आतड्याच्या कोंदट अंधारातून उघड्या हवेत आणि हवेतून पुन्हा आतड्यात ये-जा करणाऱ्या जंतूला अशा प्रथिनाची किती गरज असेल, हे सांगावयास नको.

क्षयाच्या जंतूचे गूढ

हे सारे ज्ञान केवळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहणारे नाही. क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे ठेवला. तेव्हापासून आजवर या रोगाने घेतलेले बळी मोजणे कठीण आहे. आणि आजही जगात दर वर्षी नव्याने क्षय होणाऱ्या रोग्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात असतात. हा जंतू ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला मारावयाचे, त्यांच्याच पोटात घर करून राहतो. तेथे विषाचा मारा असतो, प्राणवायूची टंचाई असते, आणि तरीही तो वर्षानुवर्षे टिकतो.

आश्चर्याची गोष्ट अशी, की या जंतूचे ऑक्सिआर जनुक मोडकळीस आलेले, निरुपयोगी आहे. कॅटॅलेझचे काम करणारे त्याचे कॅटजी हे एंझाइम मात्र शाबूत आहे. आणि येथेच औषधाचा एक विलक्षण प्रसंग घडतो. १९५२ पासून क्षयावर दिले जाणारे आयसोनायझिड हे औषध स्वतः जंतूला मारीत नाही. जंतूचे कॅटजी त्याचे मारक रूप तयार करते, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. जंतूचे जे रक्षण करते, तेच त्याचा घात करणारे औषध जागे करते. यातून सुटण्यासाठी जंतूने कॅटजी टाकून दिले, तर तो औषधापासून वाचतो, पण पांढऱ्या पेशींच्या विषापुढे दुबळा पडतो. म्हणूनच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंत पुष्कळदा असे दिसते, की कॅटजी समूळ नाहीसे झालेले नसते. त्याच्या ३१५ व्या स्थानी एकच ॲमिनो आम्ल बदललेले असते. त्यामुळे औषध जागे होत नाही, परंतु पेरॉक्साइडचा बंदोबस्त बऱ्याच अंशी चालू राहतो. निसर्गाने काढलेला हा मध्यम मार्ग रुग्णाला महागात पडतो.

ऑक्सिआरची उणीव हा जंतू इतर पहारेकऱ्यांनी भरून काढतो. डॉसएस आणि डॉसटी या त्याच्या प्रथिनांत माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनप्रमाणेच हीम हा लोहयुक्त घटक असतो. प्राणवायू उणावला, की ही प्रथिने डॉसआर या तिसऱ्या प्रथिनाला इशारा देतात, आणि ते सुमारे ४८ जनुकांचा संच चालू करते. जंतू आपली वाढ आवरती घेतो आणि निपचित पडून राहतो. व्हिब३ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनात लोह-गंधकाचा पुंजका असून तो प्राणवायूला प्रतिसाद देतो, हे २००७ मध्ये अमित सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पुढे २०१४ मध्ये सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात एक मोठी युक्ती योजिली. जेलीफिश या सागरी प्राण्यापासून मिळालेल्या चमकणाऱ्या प्रथिनाला त्यांनी असे रूप दिले, की क्षयजंतूच्या आतला समतोल बदलला म्हणजे त्या चमकेत फरक पडावा. आता जिवंत जंतूचे अंतरंग बाहेरून दिसू लागले.

जे दिसले ते विचार करावयास लावणारे होते. एकाच पांढऱ्या पेशीसमूहातील सगळे जंतू एकसारख्या स्थितीत नव्हते. काहींचा समतोल ऑक्सिडीकरणाकडे झुकलेला होता, तर काहींनी आपल्याजवळ इलेक्ट्रॉनांची भरपूर शिल्लक राखली होती. आणि नेमके हे दुसऱ्या प्रकारचे जंतू औषधांच्या माऱ्यातून अधिक संख्येने वाचत होते. त्यांच्या जनुकांत औषधाला रोखणारा कोणताही कायमचा बदल झालेला नव्हता. ते त्या वेळेपुरते सज्ज होते, इतकेच. पांढऱ्या पेशींच्या पोटातील आम्लता कमी केली, तर ही सज्जता ढासळते आणि आयसोनायझिडचा परिणाम वाढतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. त्यासाठी वापरलेले औषध होते हिवतापावरचे जुने क्लोरोक्विन. अर्थात प्राण्यांवरील प्रयोग म्हणजे माणसावरील उपचार नव्हे, आणि कोणीही आपल्या मनाने असली औषधे घेऊ नयेत, हे वेगळे सांगावयास नको. परंतु जंतूला मारणाऱ्या औषधाबरोबर त्याच्या पहाऱ्यालाही गाफील करावे, हा विचार त्यातून पुढे आला आहे, आणि तो फार मोलाचा आहे.

या सगळ्या विवेचनातून सामान्य माणसाने उचलावे असे एक सूत्र आहे. क्षयाच्या रोग्याला नेहमीच्या उपचारात सहा महिने गोळ्या घ्यावयास सांगतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, अंगात हुशारी येते, आणि रोग्याला वाटते की आता गोळ्यांचे काम संपले. घरची माणसेही मग आग्रह धरीत नाहीत. परंतु जे जंतू सहज मरणारे होते तेच या काळात मेलेले असतात. सावध, निपचित, आपला समतोल राखून बसलेले मूठभर जंतू अजून शरीरात शिल्लक असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, ताप आणीत नाहीत, खोकला आणीत नाहीत; औषध थांबण्याचीच काय ती त्यांना प्रतीक्षा असते. उरलेले चार महिने आहेत ते त्यांच्यासाठी. गोळी अर्धवट सोडणारा रोगी स्वतःची फसवणूक करतो, आणि कधी कधी औषधाला न जुमानणारा क्षय घरातल्या लहान मुलाच्या हवाली करतो.

दोन गंधकांची एक कडी, लोहाच्या दोन अणूंचा एक पुंजका, एका वाहकाचा स्पर्श. एवढ्याशा साधनांवर जंतूने आपले घर कोट्यवधी वर्षे राखले. त्याच्यापाशी बुद्धी नाही, पण वेळीच ओळखणे आणि वेळीच थांबणे या दोन्ही गोष्टी त्याच्या रचनेतच आहेत. माणसापाशी बुद्धी आहे. जंतू जे न कळता करतो, ते माणसाने कळून करावे. जखमेवर उसळणारा फेस पाहून जंतू मेले असे समजून स्वस्थ बसू नये, आणि खोकला थांबला म्हणून औषधाची पुडी कोनाड्यात ठेवून देऊ नये, इतके जरी त्यातून साधले, तरी या सूक्ष्म पहारेकऱ्यांच्या अभ्यासाचे पुष्कळसे चीज झाले असे म्हणता येईल.